पातळ पत्रा, पक्का जोड

जर्मन बनावटीचे नवे डबे नवी दिल्ली–लखनौ शताब्दीला लागले, तेव्हा त्यांचे स्वागत दगडांनी झाले. रुंद काचा तडकल्या आणि त्यांवर चिकटपट्ट्या मारून गाडी धावू लागली. कपलिंग सुटण्याचे प्रकार घडले, वातानुकूलन पुरेसे नाही अशी प्रवाशांची कुरकुर सुरू झाली. अखेर डबे मागे घ्यावे लागले. दुरुस्त्या होऊन ते राजधानी गाड्यांना जोडले गेले आणि तिथे मात्र रुळले. तक्रारींच्या या यादीत डब्याचे कवच नव्हते. खरी नवलाई तिथेच होती.

हा करार 1995 चा, लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीशी झालेला. आज फलाटावरचा पोरगाही ज्यांना ‘एलएचबी’ म्हणून ओळखतो, ते हे डबे. पहिले 24 तयार आले, पुढचे पंजाबातल्या कपूरथळ्याच्या कारखान्यात बनू लागले. त्याआधी देशभर धावत होता तो पेरांबूरच्या आयसीएफचा, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, निळा-तांबडा डबा. 1955 मध्ये स्विस मदतीने सुरू झालेल्या त्या कारखान्याने भारताला पोलादी, वेल्डिंगने एकसंध केलेले कवच दिले, हे काही थोडे काम नव्हे. पण त्या डब्याला गंजाचे दुखणे होते. संडासाखालचा आणि दारापाशी पाणी मुरणारा पत्रा आधी जायचा. गंजाची भरपाई म्हणून पत्रा जाड ठेवायचा आणि मग वजन ओढत बसायचे.

नव्या डब्यात भिंतींना फेरिटिक स्टेनलेस स्टील, छताला ऑस्टेनिटिक स्टेनलेस आणि तळाच्या सांगाड्याला जास्त ताकदीचे कॉर्टेन पोलाद वापरले गेले. डबा जुन्यापेक्षा जवळजवळ दोन मीटरने लांब झाला, तरी दर मीटरमागचे वजन घटले. वातानुकूलित चेअर कारचे वजन 40 टनांच्या आत राहिले.   

चांगले पोलाद विकत मिळते. ते जोडायचे कसे, हा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. ऑस्टेनिटिक स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाच्या दीडपट फुगते आणि उष्णता मात्र त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाहून नेते. त्यामुळे वेल्डिंगची आच एकाच जागी साठते आणि पातळ पत्रा लाटांसारखा वर-खाली होतो. शिवाय आच लांबली की क्रोमियम कार्बनशी बांधला जातो, आणि ज्या गुणासाठी एवढे महाग पोलाद आणले तो गंजरोधच जोडाच्या काठावर हरपतो.

याचे उत्तर मोटारीच्या पत्र्यावर हात बसलेल्या माणसांनी काढले होते. अमेरिकेतील बड कंपनीने आधी डॉज मोटारींची पूर्ण पोलादी ढाचे बनवले. मग 1930 च्या दशकात तिने ‘शॉटवेल्ड’ पद्धत आणली. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबायचे आणि क्षणभरच प्रचंड प्रवाह सोडायचा. ठिपक्यापुरता धातू वितळतो आणि बाकीच्या पत्र्याला कळायच्या आत थंडही होतो. 1934 मध्ये ‘पायोनियर झेफर’ या स्टेनलेस गाडीने डेन्व्हर ते शिकागो अंतर सुमारे 13 तासांत कापले, ते अशाच ठिपक्यांच्या भरवशावर. एलएचबीच्या भिंतींना उभ्या-आडव्या पट्ट्या बसतात त्या याच स्पॉट वेल्डिंगने. पत्र्याला पत्रा जोडून सलग लांब भिंत करायला लेझर असतो. लेझरची आच इतकी अरुंद की पत्र्याला वाकायला सवडच मिळत नाही.

लखनौपासून सुमारे 80 किलोमीटरवर, रायबरेलीच्या मॉडर्न कोच फॅक्टरीत ही कामे रोबोंच्या ओळींवर गेली. कारखान्याचे उद्घाटन 2012 मध्ये झाले. कवचाची खरी परीक्षा मात्र अपघातातच होते. 20 नोव्हेंबर 2016 च्या पहाटे कानपूरजवळ पुखरायां येथे इंदूर–पाटणा एक्स्प्रेस घसरली. तिला जुने आयसीएफ डबे होते. ते एकमेकांत घुसले आणि सुमारे दीडशे माणसे गेली. एप्रिल 2019 मध्ये कानपूरजवळच रूमा येथे पूर्वा एक्स्प्रेसचे 12 डबे घसरले. ते एलएचबी होते आणि कोणी दगावले नाही. याचे सगळे श्रेय जोडांना देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण एकावर एक डबे चढू न देणारे कपलर हेही मोठे कारण. वेग आणि जागाही वेगळ्या होत्या. तरीही जुन्या डब्याचे दिवस भरले होते. जानेवारी 2018 मध्ये पेरांबूरने शेवटचा पारंपरिक डबा बाहेर काढला.

मोटारीत तर जोडाचा हा पेच आणखी टोकदार आहे. दाराशेजारच्या खांबाचे बोरॉन पोलाद 900 अंशांच्या वर तापवून साच्यातच विझवतात, तेव्हा त्याची ताकद सुमारे 1500 मेगापास्कल होते. त्याच पोलादाला स्पॉट लागला की ठिपक्याभोवती नरम कडे तयार होते आणि धडकेत चीर तिथूनच निघते. म्हणून कुठे चिकटद्रव्याची जोड, कुठे प्रवाहाच्या दोन-तीन ठोक्यांची युक्ती. सांगाडा किती टिकतो हे धडक-चाचणीत कळते. 2014 मध्ये अशा चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने पाच भारतीय मोटारी आपटल्या आणि पाचही शून्य तारे घेऊन आल्या. पण एअरबॅगविना शून्यावर आलेल्या चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा मात्र स्थिर राहिला होता, आणि एअरबॅग बसताच तिला चार तारे मिळाले.

रेल्वेची ही विद्या आता मराठी मुलखातही पोचली आहे. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून पहिले कवच 25 डिसेंबर 2020 रोजी बाहेर पडले. पुणे मेट्रोने तर पोलादच सोडून ॲल्युमिनियमचे डबे घेतले. या धातूत वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळची ताकद पोलादापेक्षाही जास्त घटते. म्हणून असे डबे बांधताना भिंत आणि छत यांचे लांबच लांब पोकळ पट्टे साच्यातून दाबून काढतात आणि जोड शक्य तितके कमी ठेवतात.