बिल कोणाच्या नावावर येते?

मागच्या उन्हाळ्यात दर्यापूर तालुक्यात एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. विषय कर्जाच्या हप्त्यांचा होता. एक ताई शेवटपर्यंत गप्प बसून होती. सगळ्या उठल्यावर तिनं पिशवी पुढे केली. आत विजेची सोळा बिलं, एकाचीही घडी मोडलेली नाही. "लाईन कापाले येतो म्हणते, आता काय करू वं?" बिलावर नाव सासऱ्याचं, आणि सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. कपाशीचा पैसा आला की एकदम भरू, असं घरात दर हंगामाला ठरायचं. कपाशीचा पैसा कुठं जातो ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आजचं बोलणं. बिलाला मदत मिळते, पण ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे कागदावरचं नाव, आणि दुसरं म्हणजे आपण केलेला उशीर.

आधी गॅसचं पाहू. उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्याच नावावर असते, म्हणून तिथं अडचण कमी. त्या जोडणीला केंद्रानं २०२५-२६ या वर्षासाठी सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान ठरवलं होतं, नऊ सिलिंडरपर्यंत. राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जुलै २०२४ मध्ये आली. त्यात उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, एका रेशनकार्डावर एकाच बाईला आणि महिन्याला एकच. मोफत म्हणजे पैसे आधी आपणच द्यायचे, ते नंतर खात्यात जमा होतात. पण लाडकी बहीणचे पैसे घेणाऱ्या कितीतरी घरी गॅसचं कार्ड नवऱ्याच्या नावावर आहे, आणि या योजनेला जोडणी बाईच्या नावावर लागते. तुमचं कार्ड आज घरी जाऊन काढा आणि नाव वाचा. नवऱ्याचं असेल तर एजन्सीत जाऊन नाव बदलून घेण्याचा अर्ज द्या, आणि खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा.

आता वीज. इथं आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण इथंच बाया जास्त घाबरतात.

थकबाकी झाली म्हणून कोणी त्याच दिवशी लाईन कापू शकत नाही. २००३ च्या विद्युत कायद्यातल्या ५६ व्या कलमाप्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि पूर्ण १५ दिवस थांबावं लागतं. बिलच चुकीचं वाटत असेल तर त्याच कलमात आणखी एक सोय आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीचं बिल, यातलं जे कमी असेल ते हरकत नोंदवून भरता येतं. वादाचा निकाल लागेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम, जी मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सतत दाखवलेलीच नाही, ती अचानक वसूल करता येत नाही. म्हणून जुनी बिलं चुलीत घालू नका. कागदी बिल बंद केलं तर दर बिलाला दहा रुपये सूट मिळते, हे खरं. पण ज्या घरी मोबाइल पोराच्या खिशात असतो, त्या बाईनं त्या दहा रुपयांचा मोह धरू नये असं आमचं मत आहे. कागद हाती असला तर भांडता येतं.

बिल हाती आलं की चालू रीडिंगचा रकाना बघा. तिथं आकडा पाहिजे. आकड्याऐवजी 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असा शब्द असेल तर ते बिल सरासरीनं काढलेलं आहे. मीटरवरचा आकडा पाहून त्याचा फोटो काढा आणि अर्ज करा. दोन महिन्यांचं रीडिंग एकदम १८० आलं, तर ते महिन्याला ९० असंच धरलं पाहिजे. याला महत्त्व का? घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा भाव एक, आणि १०१ ते ३०० चा विजेचा भाव त्याच्या दुपटीहून जास्त. जास्तीचा दर फक्त १०० च्या वरच्या युनिटांना लागतो, अख्ख्या बिलाला नाही, ही गोष्टही पुष्कळ जणींना माहीत नसते. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवा म्हणणारे लोक आम्हाला पटत नाहीत. पण २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला की महिन्याला ६० युनिट जातात, एवढा हिशोब मनात असू द्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना वेगळा स्वस्त दर आहे, पण वर्षाचा वापर ३६० युनिटच्या वर गेला की तो जातो.

शेतीच्या मोटरची गोष्ट वेगळी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. त्यात घरचं मीटर येत नाही. "आमचं बिल माफ झालं" म्हणून घरचं बिल सोडून देणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

छतावरच्या सौर पॅनलबद्दल सगळ्या विचारतात. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार अनुदान आहे. राज्यानं २०२५ मध्ये १०० युनिटच्या आतल्या घरांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी यात जादा भर टाकली. १ किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे साधारण अडीच हजार भरावे लागतात. पण मीटर आपल्या नावावर, छत आपलं आणि थकबाकी शून्य पाहिजे. घरी येऊन रोख मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

परत फिरून नावापाशीच आलो. मीटर मेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८, वारसांची संमती आणि आधार घेऊन महावितरणच्या उपविभागात अर्ज द्यावा लागतो. थकबाकीचा निकाल आधी लावावा लागतो. नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. तेही लागलं नसेल तर ग्रामसेवकाला विचारा.

हप्ते बांधून मागायचे तर लाईन कापण्याच्या आधी मागा, आणि लेखी मागा. पोचपावती घ्या. बिलासाठी मायक्रोफायनान्सचं कर्ज काढू नका. अर्जाची दाद लागली नाही तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्यापुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्याही वर नागपूरला विद्युत लोकपाल. मंचाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील लागत नाही.

त्या ताईचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या. सोळाही बिलं तारखेप्रमाणे लावून नेली होती. हप्ते बांधून मिळाले, दोन भरून झाले. नाव अजून सासऱ्याचंच आहे. संमतीला दिराची सही पाहिजे, आणि तो पुण्याला कंपनीत आहे. पोळ्याला येतो म्हणाला आहे.