पोटकंत्राटदाराचे मजूर आणि विम्याची जबाबदारी

इमारतीचे काम एकाच कंत्राटदाराला दिले तरी सेंट्रिंग, गिलावा, रंगकाम ही कामे बहुधा पोटकंत्राटदारांकडे जातात. अशा मजुराला कामावर अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ नुसार ती मुख्य कंत्राटदाराकडून मागता येत असे. त्याने ती मागाहून पोटकंत्राटदाराकडून वसूल करावयाची. त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून हे तत्त्व कायम आहे.

मृत्यू झाल्यास निम्म्या मासिक वेतनाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय ३०, वेतन १२,००० रुपये आणि गुणक २०७.९८ धरल्यास भरपाई १२,४७,८८० रुपये होते. लहान पोटकंत्राटदाराच्या आवाक्यातली ही रक्कम नव्हे.

‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी घेतली की सर्व काही आले, असा समज आढळतो. तिच्यात बांधकामाचे व तिऱ्हाइताचे नुकसान येते, मजुराची भरपाई येत नाही. त्यासाठी कामगार भरपाईची स्वतंत्र पॉलिसी लागते. तिच्यातही पोटकंत्राटदाराचे मजूर आपोआप येत नाहीत. तशी नोंद करून जादा हप्ता भरावा लागतो.

म्हणून महाविद्यालयाच्या बांधकाम समितीवरील प्राध्यापकांनी निविदेतच ही अट घालावी. पॉलिसीची मुदत, मजुरांची संख्या आणि पोटकंत्राटदारांची नोंद तपासल्याशिवाय पहिले बिल मंजूर करू नये. अपघातानंतर ही कागदपत्रे शोधण्याची वेळ मजुराच्या कुटुंबावर येता कामा नये.