फिशटँकच्या काचेला भोक पाडताना

मोठा फिशटँक ठेवणारे काही सभासद हल्ली सम्पबद्दल विचारतात. टँकखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची, वरचे पाणी तिच्यात उतरवायचे, गाळायचे आणि पंपाने परत चढवायचे, अशी ही व्यवस्था. पाणी उतरवायला काठावर लटकवण्याचा सायफनचा डबा मिळतो. पण वीज जाऊन आली आणि मधल्या वेळात सायफन तुटला, तर पंप पाणी चढवत राहतो, उतरायला वाट नसते आणि सगळे फरशीवर येते. म्हणून मागच्या काचेला भोक पाडून ओव्हरफ्लो बॉक्स बसवणेच मला बरे वाटते.

आधी काच ओळखा. टफन्ड काचेला ड्रिल लावला की तिचा चुरा होतो. तयार टँकची तळकाच अनेकदा टफन्ड असते, त्यामुळे एका बाजूची काच साधी निघाली म्हणून सगळ्या साध्या समजू नका. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. टफन्ड काचेत बहुधा काळसर ठिपके किंवा पट्टे दिसतात. शंका राहिली तर भोक पाडू नका.

आधी टँक निपल विकत आणा, त्याच्या मापाचा डायमंड होल सॉ मग. भोक काठापासून निदान त्याच्या व्यासाइतके आत हवे. मागून टेप लावा, हॅमर बंद ठेवा, वेग कमी, काच सतत ओली. पाणी असल्यामुळे बॅटरीवरचा ड्रिल उत्तम. दाब देऊ नका, वेळ लागू द्या. शेवटी तर ड्रिलचे वजनही हातावर तोलून धरा.

निपलचा रबरी वॉशर कॉलरकडे येतो, नटाकडे नाही. नट हाताने आवळून वर पाव फेरा पुरे. बॉक्समध्ये दुसरे भोक पाडून थोडा उंच पाइप जरूर ठेवा. पहिल्यात गोगलगाय अडकली तर तोच घर वाचवतो.

पाण्याची पातळी बॉक्सचे दाते ठरवतात. पंप थांबला की दात्यांवरचे पाणी खाली येते. शिवाय परतीच्या पाइपचे तोंड खोल बुडालेले असेल, तर तिथपर्यंतचे पाणीही त्यातून उलटे उतरते. ते तोंड पृष्ठभागालगतच ठेवा. 120 बाय 45 सेंटिमीटरच्या टँकमध्ये 1 सेंटिमीटर म्हणजे 5.4 लिटर, 4 सेंटिमीटर म्हणजे 21.6 लिटर. एवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी.

मासे सोडण्यापूर्वी पाणी भरून पंप चालवा आणि मुद्दाम बटण बंद करून सम्प किती भरतो ते पाहा.