यंत्रमानव आणि वृद्धांची शुश्रूषा : प्रश्न श्रमाच्या मोलाचा

बंगळूरच्या पश्चिम भागातील राजाजीनगर हे उपनगर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखले जाते. निवासी वस्ती, तिला लागून औद्योगिक वसाहत आणि कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय, असे या भागाचे स्वरूप आहे. ज्या पिढीने येथील कारखान्यांत यंत्रे चालविली, तिच्यातील अनेकांनी आता साठी ओलांडली आहे. या पिढीची उतारवयातील शुश्रूषाही यंत्रांकडे सोपविता येईल काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतील राहिलेला नाही.

बंगळूरमध्ये तयार झालेल्या ‘मित्र’ या यंत्रमानवाने २०१७ मध्ये हैदराबाद येथील जागतिक उद्योजकता शिखर परिषदेत पाहुण्यांचे स्वागत केले होते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत बंगळूरच्या एका रुग्णालयात येणाऱ्यांची प्राथमिक तपासणी करण्यासाठी, तर नोएडाच्या एका रुग्णालयात रुग्णांचे नातेवाइकांशी बोलणे घडवून आणण्यासाठी त्याचा उपयोग करण्यात आला. मात्र ताप मोजणे वेगळे आणि अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीस दर काही तासांनी कुशीवर वळविणे वेगळे. या दोहोंतील अंतर समजून घेतल्याशिवाय या विषयाचे अर्थकारण उलगडत नाही.

वृद्धांची वाढती संख्या

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये हे प्रमाण १०.५ टक्के होते. २०५० पर्यंत ते २०.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३४.७ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. त्याच वेळी कुटुंबे लहान होत असून तरुण मंडळी नोकरीसाठी दूर जात आहेत. शुश्रूषेची गरज वाढत असताना ती करणारे हात कमी होत आहेत.

यंत्राला काय साधते?

शुश्रूषेची कामे स्थूलमानाने चार प्रकारची आहेत : उचलणे व हलविणे, लक्ष ठेवणे, आठवण करून देणे आणि सोबत करणे. औषधाच्या वेळेची आठवण देणे किंवा तोल जाऊन पडल्यास सूचना पाठविणे, ही कामे तुलनेने साध्या उपकरणांनाही जमतात. उचलण्याच्या कामात यंत्र सर्वांत मोलाचे ठरू शकते, कारण याच कामात शुश्रूषा करणाऱ्याची पाठ जायबंदी होते. सोबतीसाठी जपानमध्ये सीलच्या पिलासारखा दिसणारा ‘पारो’ तयार करण्यात आला. त्याची विक्री २००५ मध्ये सुरू झाली आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी तो अनेक देशांत वापरला जातो. अन्न भरविणे, आंघोळ घालणे, वेदना ओळखणे ही कामे मात्र आजही मुख्यतः माणसांवरच अवलंबून आहेत.

जपानचा अनुभव

जपानच्या लोकसंख्येत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. त्या देशाने यंत्रमानवांवर मोठा खर्च केला, हे सर्वज्ञात आहे. त्याआधी त्याने काय केले, याकडे मात्र दुर्लक्ष होते. १९९७ मध्ये संमत झालेला दीर्घकालीन शुश्रूषा विमा कायदा तेथे एप्रिल २००० पासून अमलात आला. चाळीस वर्षांवरील नागरिक त्यासाठी वर्गणी भरतात आणि लाभार्थीचा हिस्सा वगळता उरलेला खर्च साधारणपणे निम्मा वर्गणीतून व निम्मा सरकारी महसुलातून भागविला जातो. शुश्रूषेच्या प्रत्येक तासाला तेथे दर आहे. यंत्रमानव आले ते या व्यवस्थेनंतर.

तरीही अपेक्षित फळ मिळाले नाही. जेम्स राइट या संशोधकाने तेथील एका शुश्रूषागृहात केलेल्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रे हलविणे, पुसणे, चालू करणे आणि वापर सुरू असताना वृद्धांवर लक्ष ठेवणे यांमुळे कर्मचाऱ्यांचे काम कमी होण्याऐवजी वाढले, असे त्यांना आढळले.

भारतातील अडचण

जेथे श्रम महाग असतात, तेथे त्यांची जागा भांडवल घेते, हे अर्थशास्त्राचे परिचित तत्त्व आहे. भारतात शुश्रूषेचे बहुतांश श्रम घरातच, विनामोबदला होतात. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया कुटुंबीयांची काळजी घेण्याचे काम करतात आणि त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के असून त्यांचा वेळ सुमारे ७४ मिनिटे आहे. या आकड्यांत मुलांचे संगोपनही आले. तथापि भार कोणावर आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

समजा, राजाजीनगरमधील एका निवृत्त कामगारास पक्षाघात झाला. त्याला उचलण्याचे यंत्र घ्यावे की सुनेने नोकरी सोडावी, असा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. यंत्राची किंमत पावतीवर दिसते. सुनेचे बुडालेले वेतन, थांबलेली बढती आणि दुखावलेली पाठ यांची नोंद कोठेच होत नाही. जोवर तिच्या आठ तासांची किंमत शून्य धरली जाते, तोवर कोणतेही यंत्र महागच ठरणार.

धोरणाची दिशा

विद्यमान योजनांनी या प्रश्नाच्या काही बाजू हाताळल्या आहेत. २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या यांसारखी उपकरणे पुरविते. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. किमान पाच वर्षे विमायोग्य नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगारास राज्य विमा योजनेत वार्षिक १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ घेता येतो. परंतु हे लाभ मुख्यतः उपकरणांचे आणि उपचारांचे आहेत. रुग्णालयातून घरी परतल्यावर दररोज लागणाऱ्या मदतीचा खर्च उचलणारी सार्वत्रिक विमा व्यवस्था देशात नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम घरगुती शुश्रूषेच्या श्रमांची गणना व्हावी. मग प्रशिक्षित साहाय्यकांचे वेतन भागविणारा वर्गणीवर आधारित विमा उभा राहावा. आणि त्या साहाय्यकांच्या हाती उचलण्याची व देखरेखीची स्वस्त, अरुंद घरांत मावणारी यंत्रे भाडेतत्त्वावर द्यावीत. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या रूपाने वर्गणीतून सामाजिक सुरक्षा चालविण्याचा सात दशकांचा अनुभव देशाकडे आहे. यंत्रमानव शुश्रूषा करणाऱ्याचा भार हलका करू शकेल. त्या भाराची किंमत मान्य करण्याचा निर्णय मात्र समाजाला आणि शासनालाच घ्यावा लागेल.