मुहूर्त गाठायचा की मूल सांभाळायचं?

लग्नाची पत्रिका आली की बहुतेक घरांत आहेर काय करायचा, कुणी कुठली साडी नेसायची याची चर्चा सुरू होते. चार-पाच वर्षांचं ऑटिस्टिक मूल असलेल्या घरात पहिले प्रश्न वेगळेच असतात. बँड आहे का? हॉल एसी आहे की पत्र्याचा? बाहेर पडायला मागचं दार आहे का? यजमानांना हे विचारायचं कसं, हा त्याहून अवघड प्रश्न. मग बरेचदा आई घरी थांबते, बाबा एकटेच अक्षता टाकून येतात आणि ‘तब्येत बरी नव्हती’ असं सांगून मोकळे होतात.

ऑटिझम म्हटलं की मूल उशिरा बोलतं, नजरेला नजर देत नाही, एवढं आता पुष्कळांना ठाऊक असतं. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा त्याला होणारा त्रास मात्र अजूनही ‘नखरे’ या सदरात जातो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणं लिहिली, तेव्हाच त्यांत व्हॅक्यूम क्लीनरला आणि लिफ्टला घाबरणारी मुलं होती. तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत संवेदनांचं हे कमी-जास्तपण स्पष्ट निकष म्हणून यायला २०१३ उजाडलं. या मुलांचे कान सहसा आपल्यासारखेच असतात. फरक पडतो तो मेंदूत, आलेल्या आवाजांतून नको ते मागे सारण्याच्या कामात. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावरचं हसणं आणि आईची हाक, सगळं एकाच जोरानं आत येतं.

आता मंगल कार्यालय त्या मुलाच्या उंचीवरून पाहा. दारात अत्तर आणि गुलाबपाणी. अंगात जरीचा नवा कुर्ता, त्याच्या गळ्याशी टोचणारं लेबल. कुणीही येतं, गाल ओढतं, ‘नाव काय बाळा?’ विचारतं आणि उत्तराची वाट न पाहता उचलून घेतं. स्पीकर नेमका डोक्यावर. व्हिडिओवाल्याचा दिवा थेट डोळ्यांत. मंगलाष्टकं सुरू झाली की दर ‘सावधान’ला चारी बाजूंनी अक्षता येतात, मानेवर पडतात, कॉलरमधून आत जातात. आपल्याला त्या तांदळाची जाणीवही होत नाही. माझ्या ओळखीच्या एका आईनं सांगितलं, की तिचा मुलगा बँड सहन करायचा, गर्दीही सहन करायचा. पाठीत अडकलेल्या दोन दाण्यांनी मात्र तो कोसळला. बाकी सगळं सोसून झाल्यावर ते दोन दाणे आले होते.

यालाच पालक ‘मेल्टडाउन’ म्हणतात. बाहेरून तो हट्टासारखा दिसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. हट्टाला काहीतरी हवं असतं. आईस्क्रीम मिळालं की तो संपतो आणि अधूनमधून ‘बघतंय का कुणी?’ म्हणून डोळा उघडतो. मेल्टडाउनमधल्या मुलाला कुणी बघतंय याचं भानच नसतं, आणि आईस्क्रीम पुढे केलं तर ती आणखी एक थंड, चिकट भर. तेव्हा रागावणं नको आणि समजावणंही नको. शब्द हाही आवाजच. आवाज, उजेड, माणसं कमी करायची, मूल पडून लागणार नाही एवढं पाहायचं आणि थांबायचं.

सगळ्या मुलांचं सारखं नसतं, हेही खरं. काही मुलं ढोल-ताशा पथकाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहतात. छातीत घुमणारा तो दणका त्यांना हवाच असतो. लोकलच्या भोंग्यावर खूश असणारं मूल कुकरच्या शिट्टीला थरथरतं. पुष्कळदा आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येणार हे ठाऊक असणं महत्त्वाचं ठरतं. मॉलच्या स्वच्छतागृहातला हात वाळवायचा ड्रायर म्हणूनच इतका बदनाम: तो अचानक सुरू होतो, आणि दुसऱ्याच्या हातानं. कॅनडातल्या नोरा कीगन या शाळकरी मुलीनं असे ड्रायर मुलांच्या कानांच्या उंचीवर मोजले. काही १०० डेसिबलच्या वर निघाले. तिचा शोधनिबंध २०१९ साली बालरोगांच्या नियतकालिकात छापून आला.

लग्नाला जायच्या तयारीचा गाभाही हाच: जे होणार ते आधी कळू देणं. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांची ‘सोशल स्टोरी’ त्यासाठीच. हॉलचं दार, जेवणाचं टेबल, परतीची रिक्षा असे चार फोटो मोबाइलवर क्रमानं दाखवत ‘आधी हे, मग हे, मग घर’ असं सांगायचं. नवा कुर्ता चार वेळा धुऊन, लेबल कापून, घरात घालून पाहायचा. कानावरचे आवाजरोधक हेडफोन सोबत असावेत, पण दिवसभर चढवून ठेवू नयेत. सततच्या शांततेला सरावलेले कान आणखी हळवे होऊ शकतात. ओळखीचा वरणभात डब्यात न्यावा, मावशीला काय वाटायचं ते वाटो. खिशात फोन नंबरची चिठ्ठी हवीच, कारण अशी मुलं गर्दीतून सुसाट निघून जातात आणि हाकेला ओ देत नाहीत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं म्हणजे निघायची वेळ. मूल रडल्यावर निघायचं नाही, हसतंय तेव्हाच निघायचं. कान झाकणं, चवड्यांवर चालणं, तेच वाक्य पुनःपुन्हा म्हणणं वाढलं की उठायचं, पंगत अर्धी असली तरी. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं ड्यूटीवर राहायचं. मुहूर्त चुकला तर चुकू द्यावा. अक्षता पडून गेल्यावरचा हॉल तसाही बरा असतो.

हे झालं पालकांचं; आता इतरांचं. लंडनच्या गॅटविक विमानतळानं २०१६ साली न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची हिरवी फीत आणली; ती गळ्यात दिसली की कर्मचारी समजून घेतात. भारतातल्या काही विमानतळांवरही ती पोहोचली आहे. त्याच वर्षीच्या आपल्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पण एसटी स्टँडवर फीत कोण ओळखणार? तिथे ‘दोन फटके द्या, सुधारेल’ असा सल्ला फुकट मिळतो. लग्नाच्या यजमानांना मात्र पुष्कळ करता येतं, तेही पैसा न खर्चता. कार्यालयात वधूपक्षाच्या, वरपक्षाच्या खोल्या असतातच. त्यांतली एक तासभर रिकामी ठेवून किल्ली अशा मुलाच्या आईच्या हातात द्यावी. बँडवाला कधी वाजवणार ते आधी कळवावं, आणि त्या कुटुंबाला दाराजवळची, स्पीकरपासून लांबची खुर्ची राखून ठेवावी.