शरणपूरचा प्रश्न: निवड देवाची की माणसाची?

लेखमाला ‘तारण कोणाच्या हाती?’ : लेखांक चौथा

१८२६ च्या मार्च महिन्यात गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी मुंबईहून नाशिकला पोचला, तेव्हा गावात पटकीने थैमान घातले होते. त्याच्याजवळ मराठी पुस्तिका होत्या आणि थोडी औषधे. दोन्ही त्याने वाटून टाकली आणि तो मुंबईकडे परत निघाला. वाटेत त्यालाही पटकीने गाठले. २० मार्चला तो वारला, तेव्हा त्याचे वय एक्केचाळीस होते.

या लेखमालेच्या दृष्टीने हॉलचे मरण एक अवघड प्रश्न पुढे टाकते. हॉल कॅल्विनच्या परंपरेत वाढलेला होता. कोण तरणार हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवले आहे, अशी त्या परंपरेची शिकवण. मग पुस्तिका घेऊन साथीच्या गावात येण्याचे कारण काय? जो निवडलेला आहे तो तरणारच, आणि जो नाही त्याच्यापुढे कितीही पुस्तिका ठेवल्या तरी काय उपयोग?

गेल्या लेखांकात डॉर्टची धर्मसभा पाहिली. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समध्ये भरलेल्या या सभेने आर्मिनियसच्या अनुयायांचे म्हणणे फेटाळले. ते म्हणत होते की ख्रिस्त सर्वांसाठी मेला, देवाची कृपा माणसाला नाकारता येते, आणि कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव निवड करतो. सभेने याच्या नेमके उलट सांगितले. माणूस पापाने इतका पोखरलेला आहे की तो आपण होऊन देवाकडे वळूच शकत नाही. त्यामुळे निवड बिनशर्त असते, कृपा अखेर आपले काम करतेच, आणि निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकतो.

हॉलच्या पिढीला या शिकवणीतून वाट काढून दिली ती जोनाथन एडवर्ड्सने. १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या इच्छास्वातंत्र्यावरील ग्रंथात त्याने दोन कैद्यांचे उदाहरण दिले आहे. राजा क्षमा करायला तयार आहे, फक्त कैद्याने बाहेर येऊन पाया पडायचे. पहिल्याला यायचे आहे, पण तो भक्कम भिंती आणि लोखंडी गजांआड कोंडलेला आहे. दुसऱ्याच्या बेड्या काढल्या आहेत, दार सताड उघडे आहे, पण ताठा इतका की तो जागचा हलत नाही. एडवर्ड्सच्या मते माणसाची अवस्था या दुसऱ्या कैद्यासारखी आहे. त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. वळत नाही ती त्याची इच्छा. म्हणून दोष त्याचाच. आणि ती इच्छा वळवणे मात्र देवाचे काम.

या मांडणीमुळे प्रचारकाला जागा मिळाली. देव माणसाला वळवतो, पण साधनांच्या द्वारे: उपदेश, पुस्तक, शाळा, औषध. कॅल्विनपंथी बाप्टिस्ट असलेल्या विल्यम केरीने १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत साधने वापरणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच ठरवले होते. त्याच केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. खुद्द हॉलने सॅम्युएल न्यूएलच्या जोडीने १८१८ मध्ये जगाच्या धर्मांतरावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच साठ कोटी लोकांचा हक्क सांगितलेला आहे. देवाच्या निवडीवर भरवसा ठेवणारी माणसे लोकसंख्येचा हिशेब मांडून बसली होती, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती.

हॉलनंतर सहा वर्षांनी, १८३२ मध्ये, चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला ठाणे मांडले. ही अँग्लिकन संस्था. अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांतले सतरावे कलम देवाच्या निवडीचेच आहे. पण ते सावध आहे. श्रद्धावंताला या शिकवणीने मोठा दिलासा मिळतो आणि नुसत्या चौकस माणसाला ती निराशेत ढकलू शकते, असा त्याचा रोख.

सोसायटीच्या संस्थापकांच्या वर्तुळातला केंब्रिजचा चार्ल्स सिमियन हा या सावधपणाचा उत्तम नमुना. १७८४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो एक्क्याऐंशी वर्षांच्या जॉन वेस्लीला भेटला. वेस्ली मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक आणि आर्मिनियसच्या बाजूचा कट्टर पुरस्कर्ता. तरुण सिमियनने वाद घालण्याऐवजी साधे प्रश्न विचारले. देवाने मनात घातले नसते तर तुम्ही त्याच्याकडे वळला असता का? आपल्या कर्माने तुम्ही तरू शकाल का? देवाने हात सोडला तर टिकाल का? प्रत्येक वेळी वेस्लीचे उत्तर नकाराचे आले. मग माझा कॅल्विनवाद एवढाच आहे, असे म्हणून सिमियनने वादावर पडदा टाकला. सत्य दोन टोकांच्या मध्ये नसून दोन्ही टोकांना असते, असे तो पुढे आग्रहाने मांडत राहिला.

इंग्लंडमधल्या दिवाणखान्यात हे मिटण्यासारखे होते. नाशिकला ते इतके सोपे नव्हते.

आज शरणपूर रोड म्हटले की दुकाने, दवाखाने आणि वाहनांची गर्दी डोळ्यांपुढे येते. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरला येत. इथे त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई, बाप्तिस्मा मिळे आणि नवी नावेही मिळत. जेकब वेनराइट हे असेच एक नाव.

या मुलांनी काय निवडले होते? गुलामगिरी निवडली नव्हती, सुटका निवडली नव्हती, नाशिकही नाही. डॉर्टच्या बाजूचा माणूस म्हणेल, कृपा असते ती अशीच. बुडणाऱ्याचे मत विचारून कोणी दोर टाकत नाही. आर्मिनियसच्या बाजूचा विचारील, ज्याला नाही म्हणण्याची सोयच नव्हती त्याच्या होकाराला विश्वास म्हणायचे का? दोघांचेही म्हणणे शरणपूरच्या आवारात खरे वाटावे असे होते.

पुढची हकिगत हा वाद आणखी गुंतागुंतीचा करते. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि पुढच्या वर्षीच्या आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी शरणपूरचे नऊ तरुण त्याने बरोबर घेतले. शाळा तीच, बाप्तिस्मा तोच. पण आफ्रिकेत पोचल्यावर त्यांच्या वाटा फुटल्या. काहींनी लिव्हिंगस्टनची साथ सोडली आणि त्याच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी बराच वैताग आहे. १८७३ मध्ये तो मरण पावला तेव्हा त्या नवांपैकी दोघेच त्याच्याजवळ उरले होते. जेकब वेनराइट आदल्या वर्षी आलेल्या कुमकेतला. लिव्हिंगस्टनचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग सहकाऱ्यांनी ते प्रेत कित्येक महिने वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणले. जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. कोणी सांगितले नसताना, पळून जाणे सहज शक्य असताना हे घडले. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याला निवड नव्हती, त्याने ती नंतर केली असे म्हणावे, की कृपेने धरलेला माणूस टिकतोच या डॉर्टच्या शेवटच्या मुद्द्याचा हा पुरावा मानावा?

नारायण वामन टिळकांची गोष्ट नेमकी उलट टोकाची आहे. नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेल्यांकडे शिकलेला, जवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचा जावई झालेला हा कवी कोणाच्या ताब्यात नव्हता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पेन्सिलीने खुणा करत, चिकित्सा करत वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र तिथून हलवेना, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो भारतीय पाळकाच्याच हातून व्हावा हा आग्रह त्यांचा होता.

म्हणजे शोध, शंका, निर्णय आणि अटीसुद्धा टिळकांच्या. बाप्तिस्मा देणारे अमेरिकन मराठी मिशन मात्र गॉर्डन हॉलचे, निवडीच्या सिद्धान्तात वाढलेले. आणि भाकीत आधीच झालेले! दोन्ही पक्षांनी आपापले दाखले काढावेत इतका मजकूर या एका चरित्रात आहे.

लक्ष्मीबाईंना तर नवऱ्याच्या निर्णयात काही मतच नव्हते. संसार मोडला, वर्षानुवर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे आणि वेगळी चूल काही काळ सांभाळली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तो प्रसंग आठवत असेल: जाती कोणी केल्या याचा त्या एकट्याच विचार करत बसतात आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे असे ठरवून टाकतात. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. टिळकांनी दहा अध्यायांवर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे चौसष्ट अध्याय रचून पूर्ण केले, आणि १९३६ मध्ये नाशिकलाच त्या वारल्या.

वादाची एक बाजू अजून उरते: ज्यांना निवडण्याची संधीच मिळाली नाही, त्यांचे काय? शुभवर्तमान कानावर पडण्यापूर्वी गेलेल्या पूर्वजांचे काय? कठोर उत्तर होते, ते गेले ते गेले. या उत्तराला व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये सर्वांत गाजलेला धक्का दिला तो एफ. डब्ल्यू. फरारने. १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या व्यासपीठावरून त्याने अनंतकाळच्या नरकाच्या रूढ कल्पनेवर प्रवचने केली, आणि ‘अनंत आशा’ अशा अर्थाच्या नावाने ती पुस्तकरूपात आल्यावर मोठा गदारोळ उडाला. या फरारचा जन्म १८३१ मधला, मुंबईतला. त्याचे वडील चार्ल्स फरार हे नाशिकच्या ठाण्यावरचे सुरुवातीचे मिशनरी.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि नाशिकची अँग्लिकन मंडळी तिच्यात आली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही आल्या, स्कॉटिश प्रेस्बिटेरियन आले, बाप्टिस्ट आले. ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट आले. अमेरिकन परंपरेतली मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. अर्थात डॉर्ट आणि वेस्ली एकाच छपराखाली बसले. निवडीच्या वादाचा निकाल त्या दिवशी कोणी लावला नाही. व्यवहारात मात्र एक तोड काढली गेली, आणि ती बाप्तिस्म्याच्या बाबतीत. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करावा, की जाणत्या माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर? पहिल्या प्रथेत देवाचे पाऊल आधी पडते, दुसरीत माणसाचा होकार डोळ्यांपुढे घडतो. नव्या मंडळीने दोन्ही प्रथा मान्य केल्या. नाशिकच्या धर्मप्रांताला आजही हीच तरतूद लागू आहे.

पुढील लेखांकात: वेस्ली आणि व्हाइटफील्ड यांची मैत्री कशावरून तुटली, आणि १८७१ मध्ये मुंबईत आलेल्या विल्यम टेलरने ‘आत्ताच निर्णय घ्या’ ही हाक कोणाला घातली.