गोळी, घड्याळ आणि पुठ्ठ्याची लक्ष्यं

स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा गावाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्याच गावातल्या कारखान्याचं नाव मात्र घरोघरी पोचलेलं आहे: बोफोर्स. १९८६ सालच्या ज्या तोफांच्या करारावरून आपल्याकडचं राजकारण ढवळून निघालं आणि ज्या तोफा १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत कामी आल्या, त्या या गावच्या. आल्फ्रेड नोबेलने १८९४ साली हा कारखाना विकत घेतला होता. स्वीडनमधलं त्याचं शेवटचं घरही इथेच आहे. गावाजवळ व्हिलिंग्सबेर्ग नावाची लष्कराची चांदमारी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये देशोदेशीचे नेमबाज रायफली घेऊन तिथे जमले होते, पण त्यांचा युद्धाशी काही संबंध नव्हता. ‘प्रॅक्टिकल’ रायफल नेमबाजीची ती दुसरी जागतिक स्पर्धा होती. पहिली २०१७ साली मॉस्कोजवळच्या कुबिंका इथे झाली होती आणि तिसरी २०२४ साली फिनलंडमधल्या ओउलूला झाली.

नेमबाजी म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर येतो तो स्वप्नील कुसळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या मुलाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. जाड कॅनव्हासचं जाकीट, रोखलेला श्वास आणि ५० मीटरवरच्या कागदात मधलं दहाचं वर्तुळ, व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर. हा खेळ शरीर पुतळ्यासारखं स्थिर ठेवण्याचा आहे. प्रॅक्टिकल नेमबाजीत नेमबाज पळतो, गुडघ्यावर बसतो, भिंतीच्या कडेने वाकून बघतो, आडवा पडतो आणि प्रत्येक ठिकाणाहून वेगवेगळ्या अंतरावरच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडतो. १० मीटरवरचा पुठ्ठा आणि २०० मीटरवरची पोलादी पाटी एकाच स्पर्धेत भेटतात. त्याच्या पाठीमागे घड्याळ चालू असतं.

खेळाची मुळं अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात पिस्तुलाच्या मोकळ्या ढंगाच्या स्पर्धा भरू लागल्या. त्यांतूनच पुढे, १९७६ च्या मे महिन्यात, मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन म्हणजे आयपीएससी स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग हे अर्थ असलेले तीन लॅटिन शब्द संस्थेने ब्रीद म्हणून घेतले. पिस्तुलाचा विस्तार आधी झाला, रायफल मागून आली. क्लबच्या रविवारच्या स्पर्धेपासून जागतिक स्पर्धेपर्यंत पाच पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीपासून पुढे प्रत्येक स्पर्धेला संस्थेची मान्यता लागते आणि प्रत्येक डावाचा आराखडा आधी पाठवून तपासून घ्यावा लागतो.

या डावांना ‘स्टेज’ म्हणतात. प्रेक्षकाला दिसतो तो वीस-तीस सेकंदांचा धडधडाट. त्यामागे काय असतं ते पाहायचं तर स्पर्धेच्या काही महिने आधी, एखाद्या क्लबच्या खोलीत, कागदावर पेन्सिलीने आखलेल्या चौकोनाशी जाऊन बसायला हवं. मैदानाला तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध असतात. त्या बांधांच्या आत, कुठूनही झाडलेली गोळी मातीतच जिरेल अशा बेताने, लक्ष्यं, लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती आणि गोळी झाडायच्या खिडक्या बसवायच्या. ज्याने आराखडा केला त्याला बुटका नेमबाज, उंच नेमबाज, डावखुरा, साठीचा, पहिल्यांदा आलेला अशा सगळ्यांच्या डोळ्यांनी तो डाव पाहावा लागतो. भिंतीतल्या एखाद्या फटीतून भलतंच लक्ष्य दिसलं, तर पहिला चतुर नेमबाज ती फट शोधणारच.

नेमबाजाने डाव कसा सोडवायचा हे सांगायचं नाही, ही या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. सुरुवात कुठून, लक्ष्यं कोणती, हद्द कुठपर्यंत एवढंच लेखी दिलं जातं. आधी डावीकडे जायचं की उजवीकडे, मॅगझीन कुठे बदलायचं, लांबचं लक्ष्य उभ्याने घ्यायचं की झोपून, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणूनच पाळी येण्याआधी सगळे नेमबाज रिकाम्या हातांनी, बोटाची रायफल करून, ओठांतल्या ओठांत गोळ्या मोजत त्या डावातून चालत जातात.

गुणांचा हिशोब कळला की खेळाचा जीव कळतो. पुठ्ठ्यावरच्या मधल्या ‘ए’ भागाला ५ गुण. बाहेरच्या ‘सी’ आणि ‘डी’ भागांचे गुण रायफलीच्या जोरावर ठरतात: मोठ्या जोराच्या काडतुसाला ४ आणि २, लहान जोराच्या काडतुसाला ३ आणि १. हा जोर मोजायची रीत साधी आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि हजाराने भागायचं. ३२० च्या वर मोठा जोर, १५० च्या वर लहान. ५५ ग्रेनची गोळी ३२०० फूट वेगाने गेली तर १७६ होतात, म्हणजे लहान जोर. नेमबाजाच्या शब्दावर कुणी विसंबत नाही. त्याच्याच काडतुसांतली काही काढून घेऊन वेगमापकावर झाडून पाहतात आणि १५० सुद्धा भरले नाहीत तर त्याचे गुण धरलेच जात नाहीत.

मग मिळालेल्या गुणांना सेकंदांनी भागायचं. समजा, बारा पुठ्ठ्यांचा डाव आहे, प्रत्येकावर दोन गोळ्या, म्हणजे एकूण १२० गुण. एकीने सगळ्या गोळ्या ‘ए’ भागात मारल्या, २४ सेकंद घेतले, भागाकार ५. दुसऱ्याने ११० गुण मिळवले, २० सेकंदांत, भागाकार ५.५. तिसरा सुसाट सुटला. त्याच्या दोन गोळ्या चुकल्या, चुकीमागे १० गुण कापले गेले, हाती उरले ९०. पण वेळ १६ सेकंद. भागाकार ५.६२५. डाव तिसऱ्याने जिंकला! त्याला पूर्ण १२० गुण मिळतात, आणि एकही गोळी न चुकलेल्या पहिलीच्या पदरात पडतात १०६.६७.

हे पाहून आराखडा करणारा गप्प बसत नाही. या डावात एक चूक म्हणजे ५ हुकलेले आणि १० कापलेले, असे १५ गुण. पाचच्या गतीने तीन सेकंदांची किंमत. तीच चूक लांबच्या डावात, जिथे भागाकार २ च्या आसपास राहतो, साडेसात सेकंदांना पडते. म्हणून जवळचे, मधले आणि लांबचे डाव यांचं मिश्रण नीट बसवलं की सुसाट सुटणाऱ्याला लगाम बसतो. शिवाय लक्ष्याला अर्धं झाकणारा ‘नो-शूट’ पुठ्ठा असतो. त्याला गोळी लागली की १० गुण गेले. रायफलीच्या नियमांत छोट्या डावाला जास्तीत जास्त १० गोळ्या, मध्यमाला २० आणि मोठ्याला ४०. त्यांचं प्रमाण साधारण तीनास दोनास एक ठेवावं अशी शिफारस आहे. कुणा एकाच प्रकारच्या नेमबाजाला स्पर्धा आंदण देऊ नये, हा त्यामागचा न्याय.

रायफलीची म्हणून काही वेगळी ओझी असतात. पिस्तुलाच्या स्पर्धेला बांधांची एक ओळ पुरते, रायफलीला शेकडो मीटरची मोकळी, सुरक्षित रेषा लागते. वेगवान गोळी पोलादाला खड्डा पाडते, तुकडे उडवते, म्हणून पोलादी लक्ष्यं कठीण पोलादाची हवीत आणि दूर मांडायला हवीत. प्रवासात दुर्बिणीला धक्का लागला असेल, म्हणून रायफलीची नेम-जुळणी तपासायला वेगळी जागा राखावी लागते. आणि लांबच्या लक्ष्याला लागली की नाही, हे पाहायला कुणाला तरी दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागतं.

वेळापत्रक हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. बारा डाव आणि दहा-दहा नेमबाजांचे बारा गट धरा. एका नेमबाजाला सूचना, गोळीबार, गुण लिहिणं, भोकांवर पट्ट्या चिकटवणं मिळून चार मिनिटं लागली तर एका गटाला चाळीस मिनिटं. चालत फिरून पाहण्याची वेळ धरून जवळपास तास. दिवसाला सहा डाव, दोन दिवसांत स्पर्धा पूर्ण. पण एकच डाव संथ झाला तर मागचे सगळे गट तुंबतात. पुठ्ठ्यावरचं एक भोक बुजवायचं राहिलं आणि पुढच्याच्या गोळ्या कोणत्या हे ठरवता आलं नाही, तर तो डाव त्याला पुन्हा द्यावा लागतो. म्हणून बोटभर तपकिरी चिकटपट्टीचं रीळ इथे रायफलीइतकंच महत्त्वाचं असतं. ते हातात घेऊन लक्ष्यांकडे जाणारे बहुतेक वेळा त्याच गटातले स्पर्धक असतात. पाऊस आला की पुठ्ठ्यांवर पारदर्शक पिशव्या चढवायच्या, थांबला की उतरवायच्या, हेही त्यांनीच.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी रेंज ऑफिसर. नेमबाजाच्या मागे, हाताच्या अंतरावर, कानाला संरक्षक आणि हातात गोळीचा आवाज ऐकणारं घड्याळ. देश कोणताही असो, मोठ्या स्पर्धेत आज्ञा इंग्रजीच: ‘लोड अँड मेक रेडी’, ‘आर यू रेडी’, ‘स्टँडबाय’. त्यानंतर एक ते चार सेकंदांत कधीतरी शिट्टीसारखा सूर निघतो आणि माणूस सुटतो. रेंज ऑफिसर त्याच्याबरोबर पळतो, पण लक्ष्यांकडे पाहत नाही. त्याची नजर असते नळीच्या टोकावर आणि चापावरच्या बोटावर. नळी ठरलेल्या सुरक्षित कोनाबाहेर वळली, गोळी बांधावरून गेली, धावताना बोट चापाच्या कडीत राहिलं, तर ‘स्टॉप’. त्या एका शब्दाने नेमबाजाची सगळी स्पर्धा संपते, उरलेले डावही. तो विश्वविजेता असला तरी त्याला वेगळा नियम नाही. डाव आटोपल्यावर रायफल रिकामी करून दाखवायची, कोठीत रंगीत झेंडी खोचायची, आणि मगच ‘रेंज इज क्लिअर’ ऐकू येतं. तोवर कुणाचंही पाऊल लक्ष्यांकडे वळत नाही.

बहुतेक रेंज ऑफिसर स्वतः नेमबाज असतात. मुख्य स्पर्धेच्या आधी, रिकाम्या मैदानात, ते आपली स्पर्धा उरकून घेतात. त्यातच आराखड्यातल्या चुका उघड्या पडतात: इथे खिडकी खाली बसली, तिथे दोन लक्ष्यं एकाच गोळीत मिळतात. रात्रीतून खिळे उपटून पुन्हा ठोकले जातात. पुढचे दिवस मात्र ते दुसऱ्यांच्या गोळ्या मोजतात. एखादा डाव सगळ्यांना सारखा राहिला नाही असं भर स्पर्धेत दिसलं, तर रेंज मास्टर तो सर्वांसाठीच रद्द करू शकतो. महिन्यांची मेहनत गेली तरी चालेल, पण अन्याय नको, हा निर्णय घ्यायला धीर लागतो.

कायदा बदलला की खेळही आकार बदलतो. १९८७ साली इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावात एका माणसाने १६ जणांची हत्या केली. त्यानंतर १९८८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोठ्या काडतुसाच्या स्वयंभरण, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलींवर बंदी आली. तिथल्या प्रॅक्टिकल नेमबाजांनी खेळ सोडला नाही. ते प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढतात. आयपीएससीतही हाताने भरायच्या रायफलींचे वेगळे विभाग आहेत.

आपल्याकडे नेमबाजीचा पाया घातला तो एका मराठी माणसाने. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. राष्ट्रीय स्पर्धेआधीची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, कुसळेने ऑलिंपिक पदक आणलं, आणि गावोगावच्या मुलामुलींना वाटू लागलं की हा आपलाही खेळ आहे. स्वयंभरण रायफल भारतात सामान्य नागरिकाच्या हाती येण्यासारखी नाही, त्यामुळे कार्ल्सकूगासारखी स्पर्धा इथे लवकर दिसणार नाही. पण वेळापत्रक, पंच, तपासणी, सुरक्षेचा धाक, पट्ट्या चिकटवणारे हात, यांची गरज बालेवाडीच्या आणि वरळीच्या रेंजवरही तितकीच आहे.

नेमबाजी शिकायला येणारी मुलं वाढत आहेत. त्यांना घेऊन येणारे आई-वडील तासन् तास बाहेरच्या बाकावर बसून असतात. त्यांच्यातल्या काहींनी पंचाचं काम शिकून घ्यावं, रेंजच्या कार्यालयात जाऊन पुढच्या स्पर्धेला आपलं नाव स्वयंसेवक म्हणून द्यावं. रायफल हातात धरता आली पाहिजे अशी अटही त्याला नाही.